सांगलीहून दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याची क्रूझ: आधी कागद, मग तारीख, जहाज शेवटी

प्रश्न असा आहे. सांगलीतले एक जोडपे आणि आई-वडील, असे चौघे. वडील 66 वर्षांचे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, आई 62. चौघेही शाकाहारी. पुढच्या वर्षी जानेवारीत बुएनोस आइरेसला जहाजात बसून, खंडाच्या दक्षिण टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून, चिलीत उतरायचे. 14 रात्री. हातात अकरा महिने आहेत. एजंट म्हणतो, "आत्ता केबिन अडवून टाका, व्हिसाचं नंतर बघू." केबिन कोणती घ्यावी आणि कोणत्या बंदरावर काय पाहावे, असे विचारले आहे.

दोन्ही प्रश्नांची उत्तरे देतो, पण त्याआधी एजंटचे ते वाक्य बाजूला ठेवा. या मार्गावरची बहुतेक फसगत व्हिसाच्या मोजणीत होते.

नकाशावर मार्ग बोटाने गिरवून बघा. बुएनोस आइरेस म्हणजे अर्जेंटिना. दुसऱ्या दिवशी माँटेव्हिडिओ, म्हणजे उरुग्वे. तिथून पुएर्तो मादरिन, पुन्हा अर्जेंटिना. मग फॉकलंड बेटे, ती ब्रिटनच्या ताब्यात. केप हॉर्न चिलीचे, पण तिथे जहाजातून उतरत नाहीत. नंतर उशुआया, तिसऱ्यांदा अर्जेंटिना. आणि शेवटी पुंता अरेनासपासून सान अंतोनिओपर्यंत चिली. म्हणजे अर्जेंटिनात तुम्ही तीनदा शिरता. एकाच प्रवेशाचा व्हिसा काढला तर तो बुएनोस आइरेसच्या विमानतळावरच संपतो. म्हणून अर्जात "एकाहून अधिक प्रवेश" मागायचे आणि सोबत जहाजाचा दिवसवार कार्यक्रम जोडायचा. "आम्ही त्या बंदरावर उतरणारच नाही" हे कारण चालत नाही. वाटेतल्या प्रत्येक देशाची कागदपत्रे पूर्ण आहेत का, हे जहाजाच्या काउंटरवरच तपासतात. एक जरी कमी असले तरी तिथूनच परत पाठवतात आणि भाडे परत मिळत नाही.

पासपोर्टवर अमेरिकेचा चालू पर्यटक व्हिसा असेल तर निम्मे ओझे उतरते. चिली अशा भारतीयांना वेगळा व्हिसा मागत नाही, फक्त अमेरिकी व्हिसाची किमान सहा महिने मुदत उरलेली असावी लागते. अर्जेंटिनातही अशा प्रवाशांना सवलत आहे. चौघांपैकी एकाकडेच तो असेल तर बाकी तिघांचे काम वेगळे चालवावे लागेल: अर्जेंटिनाचे मुंबईतल्या वाणिज्य दूतावासात, चिली आणि उरुग्वेचे दिल्लीतल्या दूतावासांत. तिन्हीकडे एकामागोमाग एक पासपोर्ट जमा करायचा तर तीन-साडेतीन महिने हाताशी ठेवा. फॉकलंडसाठी क्रूझच्या प्रवाशाला काय लागते, हे जहाज कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. तोंडी उत्तर काउंटरवर दाखवता येत नाही. हे नियम वर्षातून दोनदाही बदलतात, म्हणून पैसे भरण्याच्या आठवड्यात प्रत्येक दूतावासाचे पान पुन्हा उघडून वाचा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची किमान सहा महिने मुदत आणि चार कोरी पाने हवीत. नसेल तर सर्वांत आधी नूतनीकरण करा. जुन्या पासपोर्टवर केबिन आणि नव्यावर व्हिसा असा घोळ नंतर फार छळतो.

आता पीतज्वराची लस, म्हणजे यलो फीवर. तुमच्या बाबतीत ही गोष्ट व्हिसाइतकीच मोठी आहे, कारण वडील 66 वर्षांचे आहेत.

तुमच्या मार्गावरच्या बंदरांत हा ताप नाही. पॅटागोनियाच्या, म्हणजे खंडाच्या दक्षिण भागाच्या, थंडीत तो पसरवणारा डास जगतच नाही. तरीही प्रमाणपत्राचा प्रश्न येतो तो परत येताना, मुंबईच्या विमानतळावर. भारत सरकारच्या यादीत अर्जेंटिना आणि ब्राझील हे दोन्ही देश पीतज्वराचे म्हणून धरलेले आहेत. अशा देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि प्रमाणपत्र नसले, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस ठराविक सरकारमान्य केंद्रांतच मिळते. सांगली-मिरजेत इतकी रुग्णालये असली तरी यासाठी पुणे किंवा मुंबईच धरून चाला आणि वेळ आधी घ्या, कारण कुपीतले डोस वाया जाऊ नयेत म्हणून केंद्रे ठरलेल्या वारीच लोक बोलावतात. प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते आणि आता ते आयुष्यभर चालते.

पण ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्यांत तिचे गंभीर दुष्परिणाम क्वचितच, पण तरुणांपेक्षा जास्त दिसतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी असली किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असली तर ती देतच नाहीत. आई-वडिलांना घेऊन आधी तुमच्या फिजिशियनकडे जा. त्यांनी नको म्हटले तर मार्ग आहे, तो नीट समजून घ्या. तुमच्या कार्यक्रमात अर्जेंटिनाचे शेवटचे बंदर उशुआया, आठव्या दिवसाच्या आसपास. सान अंतोनिओला उतरता पंधराव्या दिवशी. म्हणजे अर्जेंटिना सोडून सहा दिवस होऊन जातात आणि चिली त्या यादीत नाही. अडचण येते ती परतीच्या विमानाने. स्वस्त तिकिटे बहुधा साओ पावलोमार्गे किंवा अदिस अबाबामार्गे असतात आणि ब्राझील, इथिओपिया हे दोन्ही देश यादीत आहेत. म्हणून परतीचे तिकीट सांतियागोहून युरोपमार्गे काढा, माद्रिद किंवा पॅरिस. तिथल्या विमानतळावर नुसते विमान बदलण्यासाठी भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधी बघा. जहाजाचा दिवसवार कार्यक्रम आणि पासपोर्टवरचे शिक्के हातात ठेवा. मुंबईच्या आरोग्य काउंटरवर तेच दाखवायचे. उलट दिशेची क्रूझ, म्हणजे चिलीत बसून बुएनोस आइरेसला उतरणारी, घेतली तर ही सोय राहत नाही. एवढ्यासाठीच तुमची निवडलेली दिशा योग्य आहे.

केबिनच्या बाबतीतही दिशा महत्त्वाची. बुएनोस आइरेसहून निघालेले जहाज दक्षिणेकडे जाते तेव्हा किनारा पश्चिमेला, म्हणजे जहाजाच्या उजव्या हाताला. हॉर्नला वळून पश्चिमेकडे निघाले की जमीन उत्तरेला, पुन्हा उजवीकडे. चिलीच्या बाजूने वर चढू लागले की पूर्वेला, तेव्हाही उजवीकडेच. उशुआया सोडल्यावर बीगल खाडीत लागणाऱ्या हिमनद्यांची रांगही उत्तर काठावर आहे. इटली, फ्रान्स, जर्मनी अशी देशांची नावे असलेल्या या हिमनद्या एकापाठोपाठ एक येतात आणि तासा-दीड तासात संपतात. म्हणून बाल्कनी घ्यायची तर उजवी बाजू मागा, जहाजाच्या भाषेत स्टारबोर्ड. एजंटकडून केबिनचा क्रमांक लिहून घ्या आणि कंपनीच्या डेक-नकाशावर स्वतः ताडून बघा. "हमी केबिन" या नावाने स्वस्त मिळते तिच्यात बाजू आणि मजला कंपनी ठरवते. या मार्गावर ती घेऊ नका.

मजला मात्र उंच नको. वरच्या मजल्यावरून दिसते जास्त आणि डोलतेही जास्त. जहाजाच्या पोटाशी पंख असतात, त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात. ते आडवे डोलणे कमी करतात, पण नाक वर-खाली आपटते त्यावर त्यांचा उपाय चालत नाही. म्हणून जागा लांबीच्या मध्यावर, लिफ्टपासून पाच-सहा दारांवर आणि खालच्या बाल्कनी-मजल्यावर. आई-वडिलांना बाल्कनी परवडत नसेल तर त्यांना मोठ्या खिडकीची केबिन त्याच बाजूला, त्याच भागात द्या आणि बाल्कनीत चौघे बसा. पैसे वाचवायचे तर इथे वाचतात.

समुद्र खवळतो तो फॉकलंड ते केप हॉर्न या टप्प्यात. त्या अक्षांशांवर पश्चिमेचा वारा पृथ्वीभोवती फिरत येतो आणि त्याला अडवायला जमीनच नाही. अंटार्क्टिका आणि हॉर्न यांच्यामधल्या सुमारे 800 किलोमीटरच्या फटीतून तो सगळा दाबून घुसतो आणि हॉर्नजवळ तळ उथळ झाल्यामुळे लाटा उभ्या होतात. आषाढात चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली उभे राहिला असाल तर छत्री का उलटते हे सांगायला नको. इथे त्याहून जोर, शिवाय तापमान 5 ते 10 अंश. म्हणून छत्री नेऊच नका. अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस, वरून वारा आणि पाणी दोन्ही अडवणारे टोपीचे जाकीट. जाड लोकरी स्वेटर एकावर एक घालून काम होत नाही, वारा त्यातून आरपार जातो. आणि सनस्क्रीन विसरू नका. पुंता अरेनासच्या बाजूला ओझोनचा थर वसंतात पातळ होतो. ढगाळ थंडीतही चेहरा भाजतो आणि ते संध्याकाळी कळते.

बोट लागण्याची गोळी उलटी सुरू झाल्यावर उपयोगाची नाही, कारण ती पोटात टिकत नाही. फॉकलंड सोडण्याच्या तासभर आधी घ्यायची. ॲव्होमिनसारख्या गोळीने झोप येते. वडिलांना काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. रक्तदाबाच्या गोळ्या प्रवासाच्या दिवसांपेक्षा दहा दिवस जास्तीच्या घ्या, औषधाचे मूळ नाव असलेल्या प्रिस्क्रिप्शनसह, आणि हातातल्या पिशवीत. जहाजावर चढताना मोठ्या बॅगा काढून घेतात, त्या केबिनच्या दाराशी कधीकधी रात्री आठला पोचतात.

विम्यात तीन शब्द शोधा: "क्रूझ", "आधीपासूनचे आजार", "वैद्यकीय हलवणूक". जहाजाच्या दवाखान्यात कॅशलेस चालत नाही. बिल खात्यावर चढते, तुम्ही भरता आणि नंतर विमा कंपनीकडून मागता. दक्षिणेच्या खाड्यांमधून हेलिकॉप्टरने किंवा खास विमानाने माणूस हलवावा लागला तर खर्च प्रचंड होतो. त्यामुळे एक लाख डॉलरपेक्षा कमी संरक्षण घेऊ नका. वडिलांचा रक्तदाब अर्जात लिहा. तो लपवून वाचलेला हप्ता दावा नाकारला गेला की कित्येक पटींनी वसूल होतो.

बंदरांविषयी. प्रत्येक ठिकाणी कंपनीची सहल घेऊ नका, पण सगळीकडे स्वतःच्या हिमतीवरही जाऊ नका. कसोटी सोपी आहे: बंदरापासून तासाभराच्या आत असेल तर स्वतः, त्याहून लांब असेल तर कंपनीबरोबर. कंपनीच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबते, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

माँटेव्हिडिओ पायी फिरण्यासारखे, जुने शहर बंदराला लागूनच आहे. पुएर्तो मादरिनला सगळे पुंता तोंबोच्या पेंग्विनमागे लागतात. ते सुमारे 180 किलोमीटर लांब आहे, म्हणजे दिवस बसमध्येच जातो. आई-वडिलांसाठी गावाजवळचे पुंता लोमा बरे, 17 किलोमीटरवर, समुद्रसिंहांची वसाहत. पेंग्विन पुढेही आहेत: फॉकलंडला आणि पुंता अरेनासजवळच्या माग्दालेना बेटावर. मात्र या दोन्ही ठिकाणांचा भरवसा वाऱ्यावर. फॉकलंडच्या स्टॅन्लीला मोठे जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर नांगर टाकते आणि लहान होड्यांनी लोकांना नेतात. होडी आणि जहाजाचा पाट खाली-वर होत असतो. खलाशी दोन्ही बाजूंनी हात धरतात, पण ते एक पाऊल स्वतः टाकावे लागते. गुडघे दुखत असतील तर पहिल्या होडीची घाई करू नका, समुद्र बसला की जा. लाट वाढली की कप्तान ते बंदर रद्द करतो आणि हे तिथे नेहमीचे आहे. तेव्हा फक्त बंदर-कर परत मिळतो. म्हणून फॉकलंडला बाहेरची गाडी ठरवली तर "जहाज आले नाही तर पैसे नाहीत" असे लेखी देणाराच निवडा. व्हॉलंटियर पॉइंटचे राजा पेंग्विन बघायला माळरानातून दोन-अडीच तासांचा धक्के खात प्रवास आहे, तोही एका बाजूचा. कंबर दुखणाऱ्याने स्टॅन्लीजवळच्या जिप्सी कोव्हच्या पेंग्विनवर समाधान मानावे.

उशुआयाला धक्का गावाला लागूनच आहे. तिथे बीगल खाडीची वेगळी बोटसफर विकत घेतात, ती मला पटत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच खाडीतून तुमचे जहाज जाणारच आहे. तो वेळ तिएरा देल फुएगो राष्ट्रीय उद्यानाला द्या, गावापासून 12 किलोमीटर. जानेवारीत तिथे सतरा तास उजेड असतो, घाई वाटत नाही. चिलीतल्या पुएर्तो माँतला पेत्रोवे धबधबे आणि मागे ओसोर्नो ज्वालामुखी. ढग असतील तर ज्वालामुखी दिसत नाही, तरी धबधब्याचे हिरवे पाणी फुकट जात नाही.

एक दिलासा: जानेवारीत हे सारे देश एकाच घड्याळावर असतात, भारताच्या साडेआठ तास मागे. रोज काटे फिरवावे लागत नाहीत. सांगलीला फोन करायचा तर जहाजावरची सकाळ धरा.

जेवण. बुकिंग झाल्याबरोबर "भारतीय शाकाहारी" किंवा "जैन" असे लेखी कळवा, निदान दोन महिने आधी. त्याने फक्त सामान येते, ताट आपोआप येत नाही. पहिल्याच संध्याकाळी मुख्य वेटरला भेटा आणि दर रात्री दुसऱ्या दिवसाचे जेवण सांगून उठा. हे केले की वरण-भात, भाजी, पोळी बऱ्यापैकी जमते. न केल्यास चौदा दिवस पास्ता. जमिनीवर "शाकाहारी" म्हटले की अर्जेंटिनात कोंबडी किंवा मासा चालेल असे समजतात. वाक्य पाठ करा: "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो", मांस, कोंबडी, मासा काहीही नको. मक्याचे सारण भरलेली एम्पानादा, म्हणजे तिथली करंजी, चांगली लागते, पण तिच्या कणकेत गुराची चरबी असू शकते. "सिन ग्रासा" असे विचारून घ्या.

घरचे खाणे न्यायचा मोह सांगली-साताऱ्याच्या माणसाला आवरत नाही. जहाजावर घरचे केलेले पदार्थ नेऊ देत नाहीत, कारखान्यातून सीलबंद आलेले पाकीट चालते. म्हणजे भडंग सीलबंद पाकिटाची. इलेक्ट्रिक किटली, इंडक्शन, इस्त्री नेऊ नका; आगीच्या भीतीने त्या चढतानाच काढून घेतात आणि प्रवास संपल्यावर देतात. मात्र खरी परीक्षा चिलीत उतरताना. तिथले कृषी खाते फळे, बिया, मध, दूधदुभते आणि मांस यांबाबत फार कडक आहे, कुत्र्यांकडून बॅगा हुंगवतात. उतरण्याआधी एक फॉर्म भरावा लागतो. त्यात "वनस्पतिजन्य किंवा प्राणिजन्य काही आहे का" या चौकटीत "हो" वर खूण करा, मग तासगावचे बेदाणे असोत की साताऱ्याचे कंदी पेढे. "हो" म्हटल्यावर फार तर वस्तू टाकून देतात. "नाही" म्हटले आणि पिशवीत नाश्त्याच्या टेबलावरून उचललेले एक सफरचंद निघाले, तरी दंड होतो. हे सफरचंदच बहुतेकांना नडते, बंदरावर खायला म्हणून घेतात आणि विसरतात.

पैशांचे गणित एजंटच्या आकड्यावरून करू नका. जाहिरातीतल्या भाड्यात बंदर-कर असतो का, हे विचारा. सेवकांची बक्षिशी रोज माणशी सुमारे 16 ते 20 डॉलर, ती खात्यावर आपोआप चढते. चौघांची 14 रात्रींची हजार डॉलरच्या आसपास होते. इंटरनेट, सहली, विमान, बुएनोस आइरेसच्या दोन रात्री आणि सांतियागोची एक हे सगळे वेगळे. टूर पॅकेज म्हणून घेतल्यास टीसीएस, म्हणजे एजंटने आधीच वसूल केलेला प्राप्तिकर, भरावा लागतो. तो बुडत नाही, पॅनवर प्राप्तिकर खात्याच्या नोंदीत दिसतो आणि विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर रक्कम अडकते. पावतीवर पॅन कोणाचा आहे ते बघा, नाहीतर वडिलांच्या पैशांचा टीसीएस मुलाच्या नावावर जातो. डॉलरच्या नोटा नव्या आणि न दुमडलेल्या घ्या. पेन लागलेली किंवा फाटकी नोट अर्जेंटिनात कमी दराने घेतात किंवा घेतच नाहीत.

क्रम असा लावा. या महिन्यात पासपोर्ट तपासा आणि डॉक्टरांकडे लसीचा निर्णय घ्या. त्याचबरोबर अमेरिकी व्हिसा काढायचा की तीन वेगळे, ते ठरवून अर्ज सुरू करा. केबिन अडवायचीच तर परत मिळणाऱ्या अनामतीवर अडवा आणि पूर्ण रक्कम भरण्याची शेवटची तारीख, बहुधा निघण्याच्या तीन महिने आधीची, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. त्या तारखेच्या आत सगळे व्हिसा हातात नसतील तर केबिन सोडून द्या. विमानाचे तिकीट त्यानंतर. बुएनोस आइरेसला जहाज सुटण्याच्या दोन दिवस आधी पोचा. मुंबईहून थेट विमान नाही, एक-दोन ठिकाणी बदलावे लागते. एक टप्पा हुकला तर पुढचे विमान दुसऱ्या दिवशीचे असू शकते आणि जहाजाला गाठायला पुढचे बंदर परदेशात आहे. सांगलीहून मुंबईलाही आदल्या दिवशीच जा. खंबाटकी किंवा एक्स्प्रेसवेच्या घाटात चार तास अडकलेल्या गाडीसाठी विमान थांबत नाही. रात्रीच्या महालक्ष्मीने गेलात तर वडिलांना झोप तरी मिळेल.